सूनबाई आणि छोटी क्रियापदं

आभार कुणाकुणाचे मानायचे याची ड्राफ्टकाकांच्या मनात एक क्रमवारी आहे, आणि तिच्यात पहिला नंबर बंद पडलेल्या लिफ्टचा लागतो. दुसरा काकूंचा. हा क्रम काकूंना अर्थातच पसंत नाही. "जन्मभर राबायचं मी आणि मान लिफ्टला!" असं त्या म्हणतात. पण काकांचं म्हणणं असं की, घटना जशी घडली तशीच तिची नोंद व्हायला हवी. आता तुम्हीच ऐका आणि काय ते ठरवा.

ड्राफ्टकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभा जन्म काढला, तो पत्रांचे मसुदे करण्यात. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. इमारतीत कुणाचा विजेचा मीटर पिसाटला, कुणाच्या छताला वरच्यांच्या न्हाणीघरातून ओल आली, की अर्ज काकांकडे. तोही इंग्रजीत, आणि असा की वाचणाऱ्या साहेबाला अर्थ लागायच्या आधी घाम फुटावा. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या साहेबाने कानमंत्र दिला होता: शब्द जितका लांब, तितका समोरच्याचा मान मोठा. काकांनी तो शेवटपर्यंत पाळला. हाताखालच्या कुणी 'लुक इन्टू' लिहिलं की काका लाल पेन्सिलीने खोडून 'इन्व्हेस्टिगेट' करत. 'पुट ऑफ' दिसलं की 'पोस्टपोन'. 'गिव्ह अप', 'सेन्ड इन', 'गेट बॅक' ही मंडळी त्यांच्या टेबलावरून कधी जिवंत पुढे गेली नाहीत. असली तुकड्यातुकड्यांची क्रियापदं म्हणजे काकांच्या मते घरातली लुंगी. अंगाला बरी वाटते, कबूल. पण ती नेसून कुणी कचेरीत जातं का?

हे सगळं ठीक चाललं होतं. मग चिरंजीव परदेशी गेले आणि तिकडचीच मुलगी करून बसले.

मुलगी गुणी होती. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दिसली तेव्हा हसून म्हणाली, "हाय डॅड! हाऊ आर यू गेटिंग ऑन?" काका खुर्चीत ताठ झाले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. घसा खाकरला आणि म्हणाले, "युअर काइंड एन्क्वायरी इज अक्नॉलेज्ड विथ थँक्स." पलीकडे सूनबाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण आतून मावळलं. काकांना वाटलं, छान झालं, मुलीला भारदस्त घर मिळालं.

मग एकदा तिने सांगितलं की, नव्या गावी जायचं म्हणून तिने आवडीची नोकरी सोडली. सांगताना आवाज कापत होता. काकांनी खुर्ची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे ओढली. पण तोंडातून निघालं ते असं: "युअर रेझिग्नेशन हॅज बीन ड्युली नोटेड. फर्दर डेव्हलपमेंट्स मे काइंडली बी इन्टिमेटेड."

आणि मग चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही येतोय. पण उतरू मात्र हॉटेलात."

"हॉटेलात?" काकूंनी फोन हिसकावून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "माझ्या सुनेनं पहिल्यांदा यायचं आणि हॉटेलात उतरायचं? घराला काय आग लागलीय?"

"आई, रागावू नकोस. तिला वाटतं की बाबांना ती पसंत नाही. ते बोलायला लागले की तिला नोटीस आल्यासारखं वाटतं. त्या नोकरीच्या दिवशी फोन ठेवल्यावर किती रडली माहितीये?"

काकांचा चेहरा पडला. "अरे, पण मी 'ड्युली' म्हटलं तिला! 'ड्युली' मी चीफ इंजिनिअरलासुद्धा सहजी देत नसे."

"बाबा, घरच्या माणसाशी कुणी 'नोटेड' आणि 'इन्टिमेटेड' बोलतं का? तिकडे घरात छोटी क्रियापदं वापरतात. कम इन, सिट डाऊन, काय वाट्टेल ते. तीच कचेरीत थोडी कमी, घरात ढिगाने." मग तोच पुढे म्हणाला, "आम्ही आधी एकदा चहाला येतो. तिला मोकळं वाटलं तर सामान आणू. नाहीतर राहू दे."

म्हणजे एका चहावर सूनबाई घरी राहणार की हॉटेलात, हे ठरणार होतं. काकूंनी फोन ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना? माझी सून घरात आली पाहिजे. कसं करायचं ते तुम्ही बघा."

काकांनी मनावर घेतलं. पण छोटी क्रियापदं ही दिसायलाच छोटी. एकट्या 'गेट'च्या मागे अप, डाऊन, इन, आउट, ओव्हर, अलाँग असे इतके जण लागलेले, की एका सुनेला सतरा दीर असावेत. आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. काका चिडले. "ही काय भाषा आहे? 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे! कुठे वर आणि काय ठेवलं?"

काकू भांडी पुसत होत्या. "आपल्यात तरी काय वेगळं आहे? 'टाक' म्हणजे फेक ना? मग 'खाऊन टाक' म्हणजे खाऊन फेकायचं? 'करून बसला' म्हणजे करताना काय उभा होता? आणि मी चहा टाकते तो काय मोरीत टाकते?"

साऱ्या हयातीत त्यांनी एकाही मसुद्यात 'करून टाकावे' लिहिलं नव्हतं आणि घरात मात्र दिवसभर तेच बोलत होते. पण बायकोचं पटलं असं लगेच कबूल केलं तर ते काका कसले? "तो मुद्दा वेगळा आहे," म्हणून ते तळमजल्यावर शिकवणीच्या बाईंकडे गेले.

बाई मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेत. त्या म्हणाल्या, "पाठांतर करू नका हो काका. घरभर चिठ्ठ्या लावा. जी वस्तू, तिचं क्रियापद. येताजाता वापरा." काकांना हे पटलं, कारण यात कागद होता. त्यांनी दिव्याच्या बटणावर 'टर्न ऑन' लावलं, नळावर 'टर्न ऑफ', कपाटावर 'पुट अवे', केराच्या डब्यावर 'थ्रो आउट'. डिंक कचेरीतला, सरकारी ताकदीचा. काकूंनी पहिल्याच दिवशी कपाटाची चिठ्ठी ओढली तर तळहाताएवढा रंग निघून आला. पलंगाच्या डोक्याशी 'गेट अप' होतं. ते दुपारच्या झोपेच्या वेळी अंगावर येई, म्हणून काका उलट्या बाजूला डोकं करून झोपू लागले.

समोरच्या दारातले विमावाले हे तर सल्ल्यांचं गोदाम. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि मान हलवली. "काका, भिंतीशी बोलून भाषा येत नाही. जोडीदार लागतो. मी आहे ना!" दोघे रोज सकाळी खालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागले. विमावाल्यांचा आवाज धंद्याने कमावलेला, आणि काकांना मोठ्याने बोलल्याखेरीज इंग्रजी बोलल्यासारखं वाटत नसे.

"गेट आउट!" विमावाले गर्जत.

"गेट लॉस्ट!" काका उत्तर देत.

"कम डाऊन, आय से!"

"आय विल नॉट पुट अप विथ इट!"

तिसऱ्या की चौथ्या सकाळी सोसायटीची नोटीस आली. चेअरमन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर. नियमावर बोट ठेवल्याशिवाय या माणसाला घास उतरत नाही. नोटिशीत शांतताभंग होता, सामायिक जागेचा गैरवापर होता, खुलासा न केल्यास पुढील कारवाई होती. काकांनी ती वाचली आणि पुन्हा वाचली. भाषा इतकी घोटीव, इतकी सुबक, की ते भारावले. मग आठवलं, हा नमुना त्यांनीच मागे सोसायटीला करून दिला होता. आपल्याच मसुद्याने आपल्याला फटका बसावा यासारखा अपमान नाही, आणि त्यात एक स्वल्पविरामही चुकलेला सापडू नये!

खुलासा द्यायला काका सभेपुढे उभे राहिले. खरं तर त्यांनी मुद्देसूद निवेदन करायचं ठरवलं होतं. पण 'सून' हा शब्द आला आणि गाडी घसरली. "ती हॉटेलात उतरणार आहे हो," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

चेअरमनांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हा विषय आधी का नाही आणलात? सून एका घरात येत असते का? इमारतीत येते." आणि तिथल्या तिथे स्वागत समिती नेमली गेली. विमावाल्यांनी शिकवणीच्या बाईंना विचारून क्रियापदांची वाटणी केली, म्हणजे सगळ्यांनी एकच बोलून गोंधळ नको. काकांच्या वाट्याला मानाचं 'कम इन'. चेअरमनांना 'सिट डाऊन'. ते त्यांनी दोनदा लिहून घेतलं आणि एकदा सही करून.

चहाचा दिवस उजाडला, आणि नेमकी लिफ्ट बंद पडली.

काकांचं घर चौथ्या मजल्यावर. ते कठड्यावरून वाकून पाहत होते आणि जिन्यातून एकेक आवाज वर येत होता. खाली बाईंनी "कम अप, कम अप!" म्हणून सुरुवात झकास केली. दुसऱ्या मजल्यावर मात्र पंचाईत होती. चेअरमनांच्या वाट्याला 'सिट डाऊन' आणि वळणावर बसायला काही नाही. पण ऑडिटरच तो! आधाराशिवाय बोलेल कसा? त्यांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून जिन्याच्या वळणावर मांडली होती. "प्लीज सिट डाऊन," ते गंभीरपणे म्हणाले. सूनबाई बिचारी बसली. चेअरमन बघत राहिले. पुढचं त्यांना नेमून दिलेलं नव्हतं. शेवटी त्यांना सुचलं, "द लिफ्ट हॅज ब्रोकन डाऊन!" आणि हे वाक्य आपलं आपण जमल्याचा त्यांना असा आनंद झाला की त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर विमावाले दबा धरून होते. "डोन्ट गिव्ह अप! कॅरी ऑन! कॅरी ऑन!" असं ओरडत ते वरपर्यंत मागे मागे आले.

सूनबाई चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. अगदी डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. दार उघडं होतं. दारात काका.

आता दोनच शब्द बोलायचे होते. महिनाभर घोकलेले. काकांनी तोंड उघडलं आणि आत सगळं कोरं. ना 'कम', ना 'इन'. आणि माणूस घाबरला की जन्माच्या सवयीला जाऊन बिलगतो. काकांचा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला.

"मॅडम," ते म्हणाले, "युअर एस्टीम्ड प्रेझेन्स इज... हिअरबाय... सोलिसिटेड."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. विमावाले तोंड लपवून आपल्या घरात शिरले. सूनबाईंचं हसू पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखं झालं. सगळे आत येऊन बसले. काकूंनी चहा दिला. देताना काकांकडे असं पाहिलं, की काकांना वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सूनबाईने कप खाली ठेवला. पाठ ताठ केली. परीक्षेला बसल्यासारखे डोळे मिटले आणि चक्क मराठीत, एकेक अक्षर जपून ठेवत म्हणाली:

"माननीय महोदय. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळ... कळविण्यात येते की, सदर चहा अत्यंत समाधानकारक आहे. तरी आणखी अर्धा कप मंजूर व्हावा, ही नम्र विनंती."

काकूंच्या हातातली किटली हवेतच राहिली. चिरंजीव तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होता, कारण त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मग ती भराभर इंग्रजीत सांगत गेली आणि तो आईला समजावत गेला. तिच्या मनाने घेतलं होतं की, ज्या घरचे वडील इतके मोठे शब्द वापरतात त्या घरात साधं बोललेलं चालत नसेल. मग आपणही मोठ्या शब्दांत बोलावं, म्हणजे कदाचित त्यांचा राग जाईल. तिकडे आपली भाषा शिकायची सोय कुठली? शोधून शोधून एकच फुकटचा वर्ग सापडला. तो होता परभाषक सरकारी कर्मचाऱ्यांच्या खात्यातल्या मराठी परीक्षेचा. बिचारी नवऱ्याला चोरून रोज तो ऐकत होती. 'पाणी दे' कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं, पण निविदा कशा मागवतात ते चोख येत होतं.

काका उठून उभे राहिले. ज्या मुलीला आपल्या बोलण्याने रडवलं, ती मुलगी आपल्याला बरं वाटावं म्हणून महिनोन् महिने 'उपरोक्त' घोकत बसली होती. बोलायला गेले तर एकच शब्द निघाला.

"मंजूर."

मग डोळे पुसून म्हणाले, "अर्धा का? पूर्ण कप मंजूर."

"आभारी आहे," सूनबाई म्हणाली. तिने पुन्हा डोळे मिटले. "तसेच हॉटेलातील सामान येथे स्थलांतरित करण्यास आपली हरकत नसावी."

"ना हरकत!" काका ओरडले. "ना हरकत प्रमाणपत्र आत्ता देतो!"

लिफ्ट बंदच होती, त्यामुळे संध्याकाळी सामान जिन्याने चढलं. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, हातोहात. सगळ्यांत जड बॅग चेअरमनांनी उचलली आणि सामायिक जिन्याच्या वापराबद्दल कुरकुरतच वर आणली. प्रत्येक वळणावर काका उभे होते आणि प्रत्येकाला "थँक यू" म्हणत होते. 'विथ थँक्स' नाही, 'अक्नॉलेज्ड' नाही. नुसतं "थँक यू", आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत "लई उपकार झाले रे बाबांनो."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. काकूंनी प्रत्येक चिठ्ठीखाली आपल्याकडचं लिहिलं. 'टर्न ऑफ'च्या खाली 'बंद करून टाक', 'पुट अवे'च्या खाली 'नीट ठेवून दे'. जी सून 'सदर' आणि 'तदनंतर' बोलत आली होती, ती आठवड्याभरात सासऱ्यांच्या पानात वाढून "खाऊन टाका!" म्हणू लागली. काका निमूटपणे खाऊन टाकत. संध्याकाळी दोघे गॅलरीत बसत. काका इंग्रजी बोलत आणि त्यांनी मोठा शब्द वापरला की सूनबाई हवेत लाल पेन्सिल धरून तो खोडी. काकांना आपल्या हाताखालचे लोक आठवत आणि त्यांची मनोमन माफी मागत ते छोटा शब्द शोधत बसत. एकदा ती खाली दुकानात निघाली आणि "मी जाते" म्हणाली, तर काकूंनी हात धरला. "अगं, 'जाते' नाही म्हणायचं. 'येते' म्हणायचं." सूनबाई गोंधळली. "बट आय ॲम गोइंग." "असू दे," काकू म्हणाल्या, "घरातून निघताना येतेच म्हणायचं."

निघायचा दिवस आला तेव्हा लिफ्ट दुरुस्त झाली होती. सूनबाई लिफ्टमध्ये शिरली नाही. जिन्याने उतरली, प्रत्येक दाराशी थांबत, बायकांच्या गळ्यात पडत. दुसऱ्या मजल्यावर चेअरमनांनी ती खुर्ची पुन्हा मांडून ठेवली होती. या वेळी तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती आपण होऊन बसली, मिनिटभर. चेअरमन भिंतीकडे तोंड करून उभे होते.

खाली टॅक्सी उभी होती. काकांनी निरोपाचं भाषण तयार केलं होतं, पण ते वरच राहिलं, कपाळावरच्या घामासारखं पुसून गेलं. सूनबाई समोर उभी. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन शब्द म्हणाले. ते कुणी शिकवले नव्हते, कुठल्या चिठ्ठीवर नव्हते, बाईंना तर ते फार सोपे वाटले असते.

"कम बॅक."

सूनबाई एकदम ताठ उभी राहिली. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे," ती म्हणाली. "योग्य ती कार्य... कार्यवाही..." पुढचं तिला येत होतं. पण ते मोठं वाक्य तिथेच राहिलं आणि ती काकांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "येते हं, बाबा."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी काका हात हलवत होते. विमावाले म्हणाले, "चला काका, लिफ्ट चालू झालीय."

"तुम्ही व्हा पुढे," काका म्हणाले आणि जिन्याने चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची अजून तिथेच होती. काका तिच्यावर बसले, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि त्यांना रडू कोसळलं.

वरून काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. त्यांचेही डोळे लाल होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "रडून टाका एकदाचं आणि या वर. चहा टाकलाय."